इस्टेटीची कमान आणि फाटकावरची दोन घरं

प्रश्न विचारणाऱ्या बाईंचा भाचा इंग्लंडमध्ये राहतो. त्याला एका जुन्या इस्टेटीच्या फाटकावरची जोडघरं विकत घ्यायची आहेत. मधोमध दगडी कमान, तिच्याखालून आत जाणारा खाजगी रस्ता आणि दोन्ही अंगांना हुबेहूब सारखी दोन बुटकी घरं. एकात स्वयंपाकघर, दुसऱ्यात निजायची खोली. "रात्री झोपायला रस्ता ओलांडून जायचं, असलं घर शहाण्या माणसाने बांधलंच कसं? आणि ते घ्यावं का?" असं त्या विचारतात.

मी बरीच वर्षं ब्रिटनमध्ये जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो आहे. अशी फाटकं आणि फाटकघरंही त्यात हाताखालून गेली. पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देता येतं: ज्याने ते बांधलं त्याला तिथे राहायचं नव्हतं. दुसऱ्याला मात्र थोडा वेळ द्यावा लागेल, कारण घर घ्यायचं की नाही हे ते कशासाठी बांधलं होतं यावरच ठरतं.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. मराठीत लॉज म्हटलं की भाड्याने मिळणारी मुक्कामाची खोली डोळ्यांसमोर येते. इथे लॉज म्हणजे इस्टेटीच्या हद्दीवर, फाटकाला लागून असलेलं राखणदाराचं घर. आपल्या वाड्याच्या देवडीचा हा लांबचा नातेवाईक, पण एक मोठा फरक आहे. देवडी दरवाज्याच्या आतच असते, वाड्याच्या अंगाचाच भाग. लॉज मालकाच्या घरापासून मैल-दोन मैल दूर, भररस्त्यावर उभं असतं. हे अंतर कुठून आलं ते कळलं की निम्मं कोडं सुटतं.

सुरुवातीला तिथेही दरवाजा घराला चिकटूनच होता. मध्ययुगात तो बचावासाठी होता, ट्यूडर राजांच्या काळात दिमाखासाठी झाला. एसेक्समधला लेअर मार्नी हा 1520 च्या दशकातला विटांचा मनोरा म्हणजे खरं तर घराचा दरवाजाच. बांधणारा लॉर्ड मार्नी 1523 मध्ये वारला, बेत पुरा झाला नाही आणि मागचं घर दरवाज्याच्या मानाने तोकडंच राहिलं. स्टॅफर्डशरमधल्या टिक्सॉलची कथा याच्याही पुढची आहे. तिथलं तीन मजली द्वारगृह साधारण 1580 चं. खाली डोरिक, मध्ये आयोनिक, वर कोरिंथियन अशा प्राचीन ग्रीक धर्तीच्या खांबांच्या जोड्या एकावर एक चढवलेल्या. 1586 मध्ये स्कॉटलंडची राणी मेरी हिला टिक्सॉलला दोन आठवडे नजरकैदेत ठेवलं होतं. आज मूळ घराचा मागमूस नाही, दरवाजा तेवढा गवतात एकटा उभा आहे.

अठराव्या शतकात चित्र पालटलं. घराभोवतीचे चौक, भिंती, आखीव बागा काढून टाकायच्या आणि खिडकीतून नजर जाईल तिथवर नुसती हिरवळ, तळं आणि झाडांचे पुंजके दिसावेत अशी टूम निघाली. लॅन्सलॉट 'केपेबिलिटी' ब्राउन (1716–1783) या कामातला सगळ्यात मोठं नाव असलेला माणूस. भिंत घराजवळून निघाली ती थेट जमिनीच्या हद्दीवर गेली आणि तिच्यामागोमाग दरवाजाही गेला. वाटेत गावं असतील तर तीही हलली. डॉर्सेटमध्ये लॉर्ड मिल्टनने आपल्या उद्यानाच्या आड येणारी जुनी वस्ती पाडली आणि मिल्टन अॅबस नावाचं नवं खेडं दरीत वसवलं. आज पर्यटक त्या खेड्याच्या एकसारख्या घरांचे फोटो काढतात. कमानीकडे बघताना मला हे आठवतं. ती बंद झाली म्हणजे कुणाची तरी रोजची पायवाट बंद झाली.

दरवाजा इतका लांब गेल्यावर घंटा वाजवून नोकर येणार कुठून? म्हणून तिथेच माणूस ठेवायचा, आणि माणूस म्हणजे घर आलं. लॉजचा जन्म असा गरजेतून झाला. पण जागा मोक्याची, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांची नजर पडणारी. त्यामुळे गरज राहिली बाजूला आणि मालकाचा रुबाब पुढे आला.

रुबाबाच्या कमानींना तोटा नाही. यॉर्कशरच्या कॅसल हॉवर्डला वास्तुकार व्हॅनब्राने 1719 मध्ये दरवाज्याच्या माथ्यावर चक्क पिरॅमिड ठेवला. त्याच्या दोन्ही बाजूंचे पंख 1756 मध्ये जोडले गेले. ब्लेनम राजवाड्याला वुडस्टॉक गावाकडून शिरताना लागणारी विजयकमान हॉक्समूरची, 1723 मधली. नवऱ्याच्या मृत्यूनंतर डचेस साराने ती त्याच्या स्मरणार्थ उभारली. बॅडमिंटनला विल्यम केंटने वूस्टर लॉजमध्ये कमानीच्या वर जेवणाचा दिवाणखाना काढला, म्हणजे पाहुण्यांसह वर बसावं आणि दूरवरच्या आपल्याच घराकडे पाहत जेवावं. मला स्वतःला यातली ब्लेनमचीच दुसरी कमान, पूर्वेची, जास्त आवडते. तिच्या पोटात राजवाड्याला पाणी पुरवणारी टाकी होती. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं केवढा हा थाट, आणि आत पाणी साठवलेलं.

कमान चांगली की वाईट हे तिच्या खांबांवरून ठरत नाही. ती रस्त्याला कुठे भेटते यावरून ठरतं. हे नीट सांगितलं हम्फ्री रेप्टनने (1752–1818). ब्राउननंतरचा हा उद्यानरचनाकार. त्याचं म्हणणं असं: आत जाणारी वाट मोठ्या रस्त्यापासून काटकोनात फुटू नये. मोठा रस्ता जिथे स्वतःच वळतो, त्या वळणावर फाटक ठेवावं. मग समोरून येणाऱ्याला लॉज आधीपासून दिसत राहतं आणि त्याला वाटतं की मुख्य वाट आत चालली आहे, सरकारी रस्ताच तिला फुटलेला फाटा आहे. आत गेल्यावर वाटेने हद्दीच्या कडेकडेने रेंगाळू नये, नाहीतर उद्यान केवढंसं आहे ते उघडं पडतं. वाट सरळ नसेल तर वळण का घेतलं याचं कारणही दिसायला हवं. एखादा उंचवटा, एखादं तळं, झाडांची राई. नसेल तर ते तयार करावं, पण तयार केलेलं वाटता कामा नये. आणि घर फार लांबून दाखवू नये, लांबून ते आहे त्याहून लहान दिसतं.

घोडागाडीच्या वेगाने हे सगळं बेतलेलं आहे. म्हणून मी कुठल्याही कामाला पहिल्या दिवशी गाडी लांब लावतो आणि दोन्ही दिशांनी रस्त्यावरून चालत फाटकापाशी येतो. कमानीच्या दोन्ही बाजूंच्या भिंती आतल्या बाजूला वळसा घेतात, तो पाव वर्तुळाचा खळगा नुसता शोभेचा नसतो. चार घोड्यांची गाडी रस्त्यावरून बाजूला घेऊन फाटक उघडेपर्यंत उभी करायला आणि चुकून आलेल्याला वळवून परत पाठवायला ती जागा लागते. कमानीशेजारी पायी येणाऱ्यांसाठी छोटं दार असतं, आपल्या दिंडी दरवाज्यासारखं. फक्त ते मोठ्या दाराच्या फळीत नसतं, भिंतीत वेगळं असतं. मालकाची गाडी मधून, पाववाला बाजूने. बऱ्याच इस्टेटींना तर माल आणणाऱ्यांसाठी वेगळं, साधं लाकडी फाटक मागच्या रस्त्यावर असे आणि तिथलं लॉजही तसंच साधं असे. विकत घ्यायचंच झालं तर माझा कौल नेहमी त्या मागच्या लॉजला असतो. ते राहण्यासाठी बांधलेलं असतं.

आता भाच्याच्या जोडघरांकडे येतो. ग्रीक-रोमन धर्तीच्या शास्त्रीय शैलीला दोन्ही बाजू सारख्या हव्यात. एका बाजूला राखणदाराचं घर आलं की दुसऱ्या बाजूला त्याचं जुळं भावंड हवंच. पण राखणदार एकच. मग एका ठिकाणी चूल, दुसऱ्या ठिकाणी बिछाना. रेप्टनला हे अजिबात सहन होत नसे. एका मजुराचं किंवा एखाद्या एकट्या म्हातारीचं घर पोरकट सारखेपणासाठी दोन ठिकाणी चिरायचं आणि तिला काही फुटांच्या कोंदट खोलीत गावापासून तोडून ठेवायचं, हे त्याला हास्यास्पद आणि क्रूरही वाटे. दोनशे वर्षांपूर्वीचा हा आक्षेप आजही तंतोतंत खरा आहे. जोडघरांच्या आत शिरलं की मापं घ्यायला टेप पुरतो, लेझर लागत नाही. चार मीटर बाय चार मीटर, त्यात धुराडं एका कोपऱ्यात नाहीतर मधोमध, आणि एखादी खिडकी आतून शोधून सापडत नाही. ती बाहेरून काढलेली खोटी खिडकी असते, भिंतीत नुसता खळगा. कधी दारही खोटं असतं. मागच्या बाजूला काही नाही, कारण मागची बाजू आत येणाऱ्या पाहुण्याला दिसते. कपडे वाळत घालायला जागा नाही, लाकडं ठेवायला आडोसा नाही. राखणदारीचं काम बहुधा घरातल्या बाईकडे असे. नवरा माळी किंवा शिकारीच्या रानाचा रखवालदार, बायको फाटकावर. अपरात्री पाहुण्यांची गाडी आली की तिने पावसात कंदील घेऊन बाहेर पडायचं.

रेप्टनचा उपाय साधा होता: एकच लॉज, एका बाजूला, जरा मोठं, गावातल्या नीटनेटक्या घरासारखं. एकोणिसाव्या शतकाने तो मनापासून उचलला, पण हळूहळू त्यातही सोंग शिरलं. पाखांना लाकडी झालर, उंच नक्षीदार धुराडी, झाडाच्या सालीसकट ओसरीचे खांब, अष्टकोनी खोल्या. बघायला छान. पण अष्टकोनी खोलीत पलंग कुठल्या भिंतीला लावायचा, हे त्या आराखड्यांत कधीच दाखवलेलं नसतं. एक गोष्ट मात्र या लॉजमध्ये खरोखर उपयोगाची आली: रस्त्याकडे पुढे आलेली खिडकी. तिच्यात बसून विणकाम करता करता रस्त्याच्या दोन्ही बाजू दिसतात. खिडकीवरून फसू नका मात्र, जकातनाक्यांच्या घरांनाही ती असते. ते ओळखायचं कसं? नाक्याचं घर अगदी रस्त्याला खेटून असतं आणि दर्शनी भिंतीत दरपत्रकाच्या फळ्यासाठी चौकोनी जागा सोडलेली असते.

आपल्या वाचकांना गंमत वाटेल असा एक नमुना सांगतो. आयर्लंडच्या वॉटरफर्ड परगण्यात ड्रोमाना इस्टेटीचं फाटक आहे. नदीवरचा पूल, पुलाच्या टोकाला कमानदार लॉज, टोकदार गॉथिक खिडक्या, दोन्ही बाजूंना मिनार आणि माथ्यावर कांद्याच्या आकाराचा हिरवट घुमट. इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या, हिंदुस्थानी घुमटांच्या धर्तीवर बांधलेल्या शाही पॅव्हिलियनची हवा तिथवर पोचली होती. 1826 मध्ये मालक लग्न करून मधुचंद्राहून परतला तेव्हा स्वागतासाठी कच्च्या सामानाची अशीच एक कमान उभारली होती. नवदांपत्याला ती इतकी आवडली की पुढे 1849 च्या सुमारास ती पक्की बांधून घेतली. लग्नाचा मांडव कायमचा ठेवावा तसं झालं. त्याच परगण्यात बॅलिसॅगार्टमोरला मालकाने फाटकाचे मनोरे आणि पूल एवढे डौलदार बांधले की मागच्या महालासाठी पैसेच उरले नाहीत. मनोरे आजही रानात उभे आहेत.

आणि जिथे फाटक उघडायचंच नाही असं ठरलं तेही एक आहे. स्कॉटलंडमधल्या ट्रॅक्वेअरचं अस्वलांच्या मूर्तींचं फाटक 1745 मध्ये, गादी गमावलेल्या स्टुअर्ट घराण्यातला राजपुत्र चार्ल्स एडवर्ड स्टुअर्ट बाहेर पडल्यावर बंद झालं. स्टुअर्ट घराण्यातला राजा गादीवर बसेपर्यंत ते उघडायचं नाही, असा घराण्याचा शब्द. तेव्हापासून सगळे बाजूच्या वाटेने जातात.

आता घ्यावं का ते बघू.

पहिली गोष्ट खांबांची. मोठ्या फाटकाचे दगडी खांब आतून एकसंध नसतात. बाहेर घडीव दगड, आत भराव, आणि दगड एकमेकांना धरून ठेवायला लोखंडी आकडे, शिशात बसवलेले. शिसं जोवर पाणी अडवतं तोवर सगळं ठीक. एकदा पाणी शिरलं की लोखंड गंजतं, गंज मूळ लोखंडाच्या अनेक पट जागा मागतो आणि दगड आतून फुटतो. उभी, सरळ रेघेतली चीर कोपऱ्यापासून हातभर आत दिसली तर ती जवळजवळ नेहमी आकड्याचीच असते. अशा चिरेत सिमेंट भरणं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग उपाय. एका कामावर आधीच्या गवंड्याने खांबाच्या सगळ्या दरजा सिमेंटने चोपल्या होत्या. खांबातलं पाणी दरजेतून बाहेर पडेना, ते दगडातूनच निघायला लागलं, आणि दोन-तीन कडक हिवाळ्यांत दगडाचे पापुद्रे हाताने निघू लागले. दरजा चुन्याच्याच हव्यात, दगडापेक्षा मऊ. आकडे काढून तिथे स्टेनलेस स्टीलचे बसवायचे. खर्चिक काम आहे, पण एकदाच करायचं.

खांबावरचे सिंह, अननस, कलश दगडाचेच असतील असं समजू नका. एलेनॉर कोडने 1769 पासून लंडनच्या लँबेथमध्ये भट्टीत भाजलेला कृत्रिम दगड काढला होता. ऊन-पावसात तो खऱ्या दगडाहून चांगला टिकतो. सांधे आणि आतली पोकळी पाहिली की कळतो. तो घासून 'स्वच्छ' करणाऱ्याला फाटकाच्या आसपासही फिरकू देऊ नये.

फाटकाचं लोखंड घडीव की बिडाचं ते बघा. घडीव लोखंड ठोकून बनवलेलं, त्याला लाकडासारखे तंतू असतात, गंजलं तर थरांनी सुटतं आणि लोहार ते दुरुस्त करू शकतो. बीड ओतीव असतं, एकसारखी नक्षी, आणि आघात झाला की तुकडा पडतो. वेल्समधल्या चर्क किल्ल्याचं डेव्हिस बंधूंनी 1712 ते 1719 मध्ये घडवलेलं फाटक पाहिलं म्हणजे घडीव लोखंडाची पानं किती पातळ करता येतात ते कळतं. फाटकाच्या या जुन्या जड झडपांचं वजन खांबावर टांगलेलं नसतं. झडपेची टाच खाली दगडातल्या वाटीत फिरते, वरचं कडं फक्त तिला उभं धरतं. हे न कळता लोक विजेची मोटर बसवतात, तिचा दांडा झडपेला मधूनच ढकलतो आणि टाच वाटीतून निसटू लागते. मोटर जमिनीत पुरायची तर खड्डा खांबाच्या पायाशी घ्यावा लागतो, आणि या खांबांचे पाये बहुतेकदा उथळ असतात. आधी पाया उघडून बघावा.

दुसरी गोष्ट कायद्याची. अशी कमान बहुधा संरक्षित यादीत असते. इंग्लंडमध्ये 1990 च्या कायद्याप्रमाणे बदलाला आगाऊ परवानगी लागते आणि परवानगीविना केलेलं काम हा फौजदारी गुन्हा आहे. यादीत नाव कमानीचं असलं तरी तिच्या आवारातल्या 1 जुलै 1948 पूर्वीच्या भिंती, दिंड्या, छोटी बांधकामंही संरक्षणात येऊ शकतात. छपरात वटवाघळं असतील, आणि लॉजच्या छपरात ती असतातच असं धरून चाला, तर त्यांनाही 1981 पासून संरक्षण आहे. त्यांची पाहणी झाल्याशिवाय एक कौलही हलवू नका. सांडपाणी कुठे जातं ते झाकण उचलून बघा. गावाची गटारं इतक्या दूर आलेली नसतात आणि सेप्टिक टाकीचं पाणी थेट ओढ्यात सोडायला इंग्लंडमध्ये 2020 पासून बंदी आहे.

कमानीची रुंदी मोजा. इंग्लंडमधल्या बांधकाम नियमांच्या मार्गदर्शनात अग्निशमन गाडीसाठी फाटक किमान 3.1 मीटर आणि डोक्यावरची मोकळी उंची 3.7 मीटर धरली आहे. घोडागाडीच्या हिशेबाने काढलेली कमान कधी यात बसते, कधी नाही. भाच्याची घरं रस्त्यावरच आहेत म्हणून त्याला फरक पडणार नाही, पण आत कुणी घरं बांधणार असेल तर कमानीवर डोळा ठेवणारा पहिला माणूस तोच असेल.

तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची: खरेदीखतात नेमकं काय आहे? दोन घरं विकली, पण मधली कमान कुणाची? मी असे व्यवहार पाहिले आहेत जिथे कमान इस्टेटीकडे राहिली, तिचं पाणी घराच्या भिंतीत मुरत होतं आणि पन्हळ साफ कुणी करायची यावर वर्षानुवर्षं पत्रव्यवहार चालला होता. उलटही असतं: कमान गळ्यात पडते आणि आतल्या शेतावर जाणारे ट्रक तिला रोज घासत जातात. आतल्या रस्त्यावरून जाण्याचा हक्क, त्याखालून जाणारा पाण्याचा नळ, विजेची तार, दोन घरांमध्ये त्या रस्त्याखालून काही ओढायची मुभा, हे सगळं वकिलाकडून लेखी घ्यावं.

आणि रात्रीचं रस्ता ओलांडणं? दोन घरं वरून काचेच्या पुलाने जोडू का, असं हमखास विचारलं जातं. नाही. परवानगी मिळणार नाही आणि मिळू नये. जमतं ते असं: एका घराच्या मागे, रस्त्यावरून दिसणार नाही इतपत बुटका, साधा वाढीव भाग काढून स्वयंपाक, न्हाणी आणि निजणं एकाच बाजूला आणायचं. दुसरं घर अभ्यासाची खोली किंवा पाहुण्यांसाठी ठेवायचं. भाच्याच्या घरामागे तेवढी जमीन खतात लिहिलेली असेल तर त्याने पुढे जावं. मागची भिंत हीच हद्द असेल तर कमान बाहेरूनच बघावी आणि त्याच इस्टेटीचं मागच्या फाटकावरचं लॉज कधी विकायला निघतं याची चौकशी करून ठेवावी.